हातचा

याकिमाच्या खोऱ्यात सफरचंदं उतरवायचे दिवस होते
तेव्हा मी शाळेत पोचले,
बॅगेत तीनशे बारा प्रश्नावल्या
आणि विद्यापीठाचं नाव छापलेली पेनं.

पहिला प्रश्न: तुला संगणकशास्त्र आवडतं का?
एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे खूप.

यादिरा व्हेंतुरा, इयत्ता दहावी.
हिनं पाचही गोल कोरे ठेवले
आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं:
तास पावणेतीनला. बस दोन पन्नासला.

समासातलं आमच्या तक्त्यात येत नाही.
मी 'अनुत्तरित' असं भरलं
आणि पुढचा कागद घेतला.

संमतीच्या सहीसाठी तिच्या घरी गेले.
पत्र दोन भाषांत होतं, याचा मला केवढा अभिमान!
तिची आई मिश्तेको बोलते.
माझी स्पॅनिश उंबऱ्यापर्यंत पोचली
आणि तिथंच पायपुसण्यावर उभी राहिली.
यादिरानं ओळख करून दिली: ही डॉक्टर आहे.
आईनं लगेच बाही वर केली,
सुजलेलं मनगट माझ्यापुढे धरलं.
शिडीवरून दिवसाला किती पेट्या,
ते बोटांवर मोजून दाखवलं.
मी म्हटलं, मी त्यातली डॉक्टर नाही.
मग कसली? असं यादिरानं विचारलं,
आईसाठी की स्वतःसाठी, कळलं नाही.

अहवाल. तक्ता क्रमांक चार.
घरी इंग्रजी, इतके. घरी स्पॅनिश, इतके.
घरी अन्य भाषा: सात.
दहापेक्षा कमी असतील तर आकडा छापायचा नाही,
कुणाची ओळख उघडी पडू नये म्हणून.
नियम चांगला आहे.
तो ठरला तेव्हा मीही हात वर केला होता.
आकड्याच्या जागी एक तारका ठेवतात.
सात पोरं त्या तारकेत कोंबली
आणि खाली निष्कर्ष लिहिला,
'या गटात विषयाची ओढ कमी दिसते.'

पुढच्या सप्टेंबरला क्विंतानिया बाईंच्या वर्गात
मी तो तक्ता पडद्यावर लावला.
यादिरा जवळ आली, बोट टेकवलं.
ही मी का?
तू, आणि आणखी सहा.
तिनं मागे वळून वर्ग मोजला.
तिला सहाही सापडले, एका दमात.
मला वर्षभरात जमलं नव्हतं.

मग खडू घेतला. माझा पहिला प्रश्न
पडद्यावर होता, तो पुसता येईना,
म्हणून तिनं शेजारच्या फळ्यावर लिहिलं:
तुझी बस किती वाजता सुटते?
कुणीतरी मागून ओरडलं,
धाकट्या भावाला कोण सांभाळतं, तेही घाल.
घरातला एक फोन संध्याकाळी कुणाच्या हातात असतो, तेही.
क्विंतानिया बाई म्हणाल्या, हळू, हळू, डॉक्टरांना लिहू दे.

अनुदान देणाऱ्यांचं पत्र आलं:
यात संगणकशास्त्र कुठं आहे?
उत्तराचा मसुदा तीनदा फाडला.
चौथा अजून टेबलावर आहे.

बेरीज करताना हातचा एक
कुठंतरी बारीक अक्षरात वर लिहून ठेवतात,
किंवा नुसता बोटावर धरतात.
उत्तरात तो वेगळा दिसत नाही.
पण विसरला तर सगळी बेरीज चुकते,
आणि चूक आपल्याला
शेजारच्या रांगेतली वाटत राहते.

बस अजून दोन पन्नासलाच सुटते.
तास मात्र आता सकाळी आहे, मंगळवारी, एवढंच झालं.

आणि यादिरा हे तिचं नाव नाही.
नियम चांगला आहे, मी आधीच म्हटलं.
फक्त या वेळी नाव तिनं निवडलं,
आणि तारका नको म्हणाली.