बत्तीस बिट

तांबट आळीत, दोन पायऱ्या खाली,
जिथे वडलांचा भाता होता
तिथे आता माझं टेबल.
भिंत अजून काळी. कितीही रंग दिला
तरी दमट दिवसांत धूर वर येतो.

मशीन येतात ती पेशंटसारखी,
कुणाच्या तरी काखेत, चादरीत, बाजारच्या पिशवीत.
एक लॅपटॉप गव्हाच्या कट्ट्यातून आला,
कीबोर्डात दोन दाणे.

"हळू चालतंय." सगळे एवढंच सांगतात.
मी पेन ड्राइव्ह लावते.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळू लागतात
आणि कुठेतरी थबकतात.
बाबा टिचकी मारून ऐकायचे
पातेलं कुठे पातळ झालंय ते.
मी थबकलेली ओळ वाचते.

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, असतील.
पण निरभवणे बाईंच्या लॅपटॉपचा आवाज
फक्त डावीकडून येतो,
अंबडच्या वर्कशॉपातला खोका
एकदा झोपला की उठत नाही,
आणि शरणपूरच्या फ्लोरी आंटीच्या पांढऱ्या यंत्राला
वायफाय दिसतच नाही,
कारण त्या चिपची किल्ली कंपनीने कुलपात ठेवलीय.
मग कुणीतरी, कुठल्या तरी देशात,
कुलूप न उघडता, नुसतं बाहेरून चाचपून
दुसरी किल्ली घडवली
आणि दारात ठेवून निघून गेलं.

आंटी विचारतात, त्याचे पैसे कुणाला द्यायचे?
माझे दोनशे, मी म्हणते. त्याचे नाहीत.
त्या पर्स उघडीच ठेवून बसतात.
"अगं, चर्चमध्येसुद्धा थाळी फिरते."

पेठच्या घाटापलीकडे गावित सरांची शाळा.
एका बँकेने टाकून दिलेले अकरा संगणक,
सगळे बत्तीस बिटचे, सगळे पिवळे पडलेले.
दोन रविवार लागले.
आधी आतली धूळ, मग जुनं सगळं पुसून
नवं चढवायचं, पातळ, एकसारखं.
(नवसागराचा वास नाही आला, एवढाच फरक.)
जिजा भोये नावाची सातवीतली मुलगी
आपलं नाव लिहीत होती,
मात्रा अक्षराला सोडून पुढे जाऊन बसली.
"मॅडम, माझं आडनाव फुटलं."
फॉन्ट बदलला. आडनाव जुळलं.
तिने ते चाळीस वेळा लिहिलं.

नंतर मार्चमध्ये वाचलं,
पुढच्या आवृत्तीपासून बत्तीस बिट बंद.
कारण एका ओळीत, रागाचं नव्हतं ते, थकल्यासारखं:
चाचणी करायला कुणी उरलेलं नाही.

रात्रभर ती ओळ डोक्यात.
बाबांनाही असंच सांगितलं होतं लोकांनी,
स्टीलला कल्हई लागत नाही.
तेही खरंच होतं.
त्यांनी भाता भंगारात दिला त्या दिवशी
चहा दोनदा मागितला आणि दोन्ही वेळा थंड केला.

पहाटे, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, मी लिहिलं:
माझ्याकडे अकरा आहेत.

चार दिवस काही नाही.
मग उत्तर आलं, आभार वगैरे न मानता:
दर महिन्याला अहवाल पाठवाल का?
एक वर्ष बघू.

म्हणून आता पहिल्या शनिवारी
सकाळची पेठ गाडी.
मांडीवर डबा आणि हार्ड डिस्क,
दोन्ही सांडू नयेत म्हणून धरलेले.
जिजा आकडे वाचते, मी उतरवते.
एक चालू. दोन चालू. तीन, पडदा थरथरतो पण चालू.
सहाला घड्याळ आठवत नाही,
रोज सकाळी त्याला वाटतं एकोणीसशे सत्तर साल आहे.
त्याचा सेल वीस रुपयांचा, पुढच्या वेळी आणीन.

सात नंबर आज उठलाच नाही.
झाकण काढलं तर आतला कपॅसिटर
पुरीसारखा फुगलेला.
अहवालात यासाठी रकाना नाही.

"शेरा मध्ये लिहा की," जिजा म्हणते,
आणि आठ नंबरचं बटण दाबते.