विनाकारण थांबा

जालन्याच्या बियाणे कंपनीत
एकवीस गाड्यांचा हिशेब माझ्याकडे:
डिझेल, टायर, पीयूसी,
आणि ती नवी बॅटरीवाली,
जिला ड्रायव्हर लोक ‘मुकी’ म्हणतात.

काल रात्री स्क्रीनवर सात नंबर
मंठा रोडला थांबलेली.
चौदा मिनिटं. इंजिन बंद.

“झापड यायली होती, मॅडम,” सोनाजी म्हणाले,
“मागं तिघं साहेब घोरायलेले.
लावली बाभळीखाली,
तोंडावर पाणी मारलं,
जराशीक डुलकी काढली.”

रिपोर्टात रकाना एकच: विनाकारण थांबा.
वाचलेलं डिझेल लिटरमध्ये मांडता येतं.
वाचलेल्या चौघांना
एकक नाही.

रकाना कोराच ठेवला.

बाहेर मुकी चार्जिंगला लावलेली,
सहा तास झाले.
तिला कुणी विचारत नाही
उभी का म्हणून.