लाइट टेस्ट

जासईच्या यार्डात माझं काम एवढंच:
रिकाम्या कंटेनरमध्ये शिरायचं,
मोरेश्वर बाहेरून दार लावून घेतो,
आणि मी अंधारात उभी राहून छत बघते.
उजेडाचा टाचणीएवढा ठिपका दिसला
की खडूने त्याभोवती गोल.
भोक म्हणजे पाणी, पाणी म्हणजे क्लेम,
क्लेम म्हणजे कडूसाहेबांचा आवाज.

गेल्या वर्षी दिवसाला नव्वद खोकी व्हायची.
आता पंचवीस झाली तर चहा सांगतो.
येतात कमी, जात तर नाहीतच.
पाचव्या थरावर सहावा चढला
आणि गेटवरून दिसायचा तो डोंगर
पत्र्यामागे गेला.
बुसानची मंगळवारची बोट रद्द,
निंगबोची पुढच्या पंधरवड्यात, बहुतेक.
काओशुंगचं तर आता कोणी विचारतही नाही.

ऑफिसातला टीव्ही म्हणतो,
पूर्वेकडे मागणी थंडावली आहे.
ताटातला भात निवल्यासारखं म्हणतो.
आईने विचारलं, मंदी म्हणजे काय गो?
मी म्हटलं, आच मंद झाली, असं समज.
ती म्हणाली, मंद आचेवर गॅस वाचतो.
मग सिलिंडर का महागला?

मला उत्तर आलं नाही.
कडूसाहेबांनाही नाही येणार,
ते फक्त ओव्हरटाइम बंद करतात.

हे यार्ड भरावावरचं. खाली मिठागर आहे,
आजोबांनी फळी ओढली ते.
एप्रिलात अजूनही काँक्रीटच्या भेगांतून
पांढरं फुटून येतं.
कोणी झाडत नाही. मीही नाही.

काल चाळीस फुटीच्या एका कोपऱ्यात
हातमोजा सापडला, डाव्या हाताचा,
आणि त्याच्या अंगठ्यात कोंबलेला कागद.
त्यावरची अक्षरं म्हणजे नुसत्या काठ्या आणि गोल.
आकडे मात्र आपलेच, कोणाचेही असतात तसे.
मोरेश्वरच्या फोनने एकेक ओळ वाचून दाखवली:
अंडी सात हजार नऊशे.
कांदे तीन हजार नऊशे ऐंशी.
टोफू (पनीरचा भाऊ असेल) अडीच हजार.
पेअर नऊ हजार नऊशे.
खाली बेरीज: चोवीस हजार दोनशे ऐंशी.

मग ती बेरीज खोडलेली.
मग पेअर खोडलेले, दोनदा, कागद फाटेस्तोवर.
मग नवी बेरीज.

त्या पैशाचे रुपये किती होतात
ते मी मुद्दाम पाहिलं नाही.
बेरीज तेवढी तपासली. चौदा हजार तीनशे ऐंशी.
बरोबर होती.
हजाराच्या डोक्यावर बारीक अक्षरात
हातचे दोन लिहिले होते,
आम्ही शाळेत लिहायचो तसे,
विसरू नयेत म्हणून.

मोरेश्वर म्हणाला, बाईचं अक्षर वाटतं.
मी म्हटलं, काठ्या-गोलांत बाई कुठून दिसली तुला?
तो हसला, आणि मग म्हणाला,
खोडलंय बघ ना कसं.

आमच्या यादीत मी पापलेट खोडत नाही.
लिहीतच नाही आधीपासून.
कागद फाटत नाही त्यामुळे.

आज पुन्हा तेच खोकं निघालं,
मोजा राहिला होता आत.
रिपोर्टात 'परकी वस्तू' असा रकाना आहे,
तो मी कोरा ठेवला.
मोरेश्वरने दार ओढलं, कड्या बसल्या.
काळोख झाला, गरम, रबराचा आणि गंजाचा.
अजून अकराच खोकी होती दिवसभरात,
म्हणून जरा जास्त वेळ उभी राहिले.

छत धड होतं. एकही ठिपका नव्हता.
खिशातल्या कागदावर हात ठेवून
मी हातचे दोन आठवत होते
तेवढ्यात बाहेरून पत्र्यावर थाप पडली:
"गो, दिसतंय का काय?"

"थांब," मी म्हटलं,
"अजून बघतेय."