सातवी ब, शेवटचा तास

कूलरला आवाज फार.
तांडापेठेतली आमची शाळा, वर पत्रे,
एप्रिलात अकरा वाजताच बाकाला कोपर पोळतं,
आणि खिडकीतला तो लोखंडी डबा
वारा कमी, गडगडाट जास्त.
त्याच्यावर आवाज चढवून मी पहिलं पान वाचलं
तेव्हा मागून हेडाऊ ओरडला,
"मॅडम, हे परीक्षेत येते का जी?"
नाही म्हटलं.
"मंग काहून वाचता?"

उत्तर नव्हतं.
वीस वर्षं गणित शिकवलं
प्रत्येक काहूनला पायऱ्या असतात असं धरून.
मसराम सर निवडणुकीच्या कामाला गेले,
त्यांचा तास माझ्या गळ्यात आला,
आणि कपाटात, खडूच्या खोक्याखाली, हे पुस्तक
पुठ्ठा सुटलेलं, शाळेचा शिक्का मारलेलं,
नोंदवहीत आजवर कुणाच्याच नावावर न चढलेलं.

एका चोराची गोष्ट.
तो फक्त कुलपं चोरायचा.
दागिने तसेच, धान्य तसेच, भांडी जागच्या जागी,
सकाळी बघावं तर कडीला नुसती हवा.

मला नाटक येत नाही.
चोराला आवाज दिला तो आमच्या गल्लीतल्या
भंगारवाल्याचा निघाला,
ठाणेदाराचा, खरं सांगते, आमच्या मुख्याध्यापकांचा.
पोट्ट्यांनी लगेच ओळखलं.
एका जोडाक्षराला मी अडखळले,
मागे जाऊन पुन्हा अडखळले,
तर लावण्या म्हणाली, "सोडा ना जी, पुढं वाचा."

शब्दार्थ नाहीत. तात्पर्य नाही.
वह्या दप्तरात.
डोकं बाकावर टेकलं तरी चालेल, म्हटलं.
पहिल्या दिवशी दोघं झोपले.
झोपू दिलं.

चौथ्या दिवशी बेचाळीस अंश.
चोर अशा घराशी पोचला होता
ज्याला दारच नव्हतं,
आणि तोच हेडाऊ,
ज्याच्या घरी चार पॉवरलूम रात्रंदिवस खडखडतात,
जो पाणी प्यायला जाऊ का हेसुद्धा ओरडूनच विचारतो,
उठला,
कूलरचं बटण बंद केलं
आणि जागेवर येऊन बसला.

कुणी काही बोललं नाही.
एकेचाळीस पोरं, घाम कानामागून मानेत,
फळ्यावर कालचं अर्धवट समीकरण,
आणि माझा आवाज.
एवढा हळू तो त्या वर्गात कधी ठेवताच आला नव्हता मला.
ते पान मी कुजबुजत वाचलं.

तपासणीच्या साहेबांनी विचारलं, तासाचं उद्दिष्ट?
तो रकाना अजून कोराच आहे.

शनिवारी घंटा झाली.
खूण म्हणून तिकीट घातलं, बर्डी ते गोळीबार चौक,
पान एकसष्ट.
कपाटाला कुलूप अडकवलं, पण दाबलं नाही.
विसरले म्हणा.
सोमवारी तिकीट अठ्ठ्याऐंशीवर.

कोण, ते विचारलं नाही.
गुपचूप ते मागं आणलं, वाचू लागले.
ठाणेदार रात्रभर स्वतःच्या दाराशी बसतो,
कुलूप एका मुठीत, किल्ली दुसऱ्या,
पहाटे त्याला डुलकी लागते,
आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघायच्या आत
तिसऱ्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.
एकटंच.
मग तळहाताने तोंड दाबलं.

गुंजन सोरते.
वर्षभरात तिचं मी "हजर" एवढंच ऐकलेलं.
पहिल्या दिवशी झोपलेल्या दोघांतली एक.
मी पान उलटायला उगाच वेळ लावला.
डोळे मात्र पुस्तकातच ठेवले,
नाहीतर तिला कळलं असतं की मला कळलंय.

मसराम सर परतलेत आता.
भूगोलाचे दोन धडे राहिलेत, तास त्यांना हवा.
हरकत नाही, म्हटलं, मधल्या सुट्टीत वाचू,
ज्याला यायचं त्याने यावं.
आज डबा घाईघाईने संपवून वर्गात आले.
अठरा जण आधीच बसलेले, कूलर बंद.

कपाट उघडलं.
खडू तसेच, नकाशे तसेच,
लाकडी कोनमापक जागच्या जागी.
पुस्तक नव्हतं.

कुलूपही नव्हतं.