बेदाण्याच्या जाळीवर

सावळजच्या रस्त्याला, शेडमध्ये
दिवसभर मी बेदाणा निवडते.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा खालच्या पाटीत.
देठ खुडायचा, फुटका बाजूला.
संध्याकाळी बोटं एकमेकांना सोडत नाहीत
आणि पदराला गंधकाच्या धुरीचा वास,
लग्नाला गेलं तरी सोबत येतो.

घरामागं चार सऱ्या, खाटेएवढ्या.
मोरीचं पाणी तिकडं वळवलंय.
अकरा रोपं टोमॅटोची,
मोडलेल्या द्राक्षबागेच्या तारेला
जुन्या परकराच्या पट्ट्यांनी बांधलेली.
कडेला गवार, दोन वांगी,
आणि एक कारल्याचा वेल, जो आमचं पाणी पिऊन
मगदूमवहिनींच्या भिंतीपलीकडं फळतो.
यावर आमचं कधी बोलणं झालेलं नाही.
त्यांच्याकडं चतुर्दशीला हिरवं चिरत नाहीत,
तेव्हा माझी वाळकी गवार मूठभर तिकडं जाते.
दुसऱ्या दिवशी भिंतीवर
कारली ओळीनं मांडलेली असतात.

टोमॅटोला दम नसतो.
महिनाभर हिरवे, गप्प,
आणि मग एका आठवड्यात सगळे लाल.
किती आमटी, किती सार, किती चटणी करणार?
बाजारात नेले तर पाटीचं भाडं निघेना.
हमीदा म्हणाली, "आगं, आपण हितं काय करतो मग दिवसभर?"
तिनंच सांगितलं:
उभे चिरायचे, पोट वर ठेवायचं,
मीठ चिमटीनं, मुठीनं नाही.
मालकानं फाटकी जाळी दिली.
टाकायचीच होती म्हणाला,
तरी वहीत लिहून ठेवली.

पत्र्यावर विटा, विटांवर जाळी.
तडकलेला, उन्हानं पोळलेला,
बुलबुलानं एका बाजूनं चाखलेला,
सगळे शेजारी शेजारी.
घरी मी निवडत नाही.

चौथ्या दिवशी रात्री
कवठे महांकाळच्या बाजूला वीज हलली.
फोन आला: शेड झाका, सगळ्याजणी या.
धावलो. ताडपत्र्या ओढल्या, दोऱ्या आवळल्या,
दुसऱ्याचा बेदाणा कोरडा ठेवला.
पाऊस माझ्या पत्र्यावर पडत असणार
हे मला तिथं उभ्या उभ्या ऐकू येत होतं.

अडीचला घरी आले.
नवरा झोपलेला, तोंड उघडं.
आणि स्वरांजली, सातवी ब,
दिव्याखाली मांडी घालून,
भूगोलाची वही पानपान सोडवून
जमीनभर पसरून,
एकेका पानावर टोमॅटो लावत होती.
"मराठीची ठेवलीय," म्हणाली, "उद्या तपासणार हाएत."

मी ओरडणार होते.
ओल्या पदरानं तिथंच बसले
आणि उरलेले लावू लागले.

सकाळी पुन्हा ऊन, जसं काही झालंच नाही.
सात-आठ बुरशीनं गेले.
बाकीचे आक्रसले, चामट झाले, गडद झाले,
दाताखाली आंबट, मग गोड, मग खारट.
बरणीत भरले, दादरा बांधला.
भूगोलाच्या बाईंनी वहीवर शेरा मारला:
पाने अस्वच्छ.

आता श्रावण. टोमॅटो शंभराला पोचलाय.
भाजीवाला तो सोन्यासारखा तागडीत ठेवतो.
मी बरणी खाली काढते, सहा तुकडे कोमट पाण्यात.
हळूहळू फुगतात, कडा उलगडतात.
एकाच्या पाठीवर निळं काहीतरी,
शाई, उलटी उमटलेली.
आरशासमोर धरून वाचलं: येरळा.
कृष्णेच्या उपनद्यांतली आमची,
आठ महिने नुसती वाळू.

स्वरांजलीला हाक मारली.
तिनं बघितलं, हसली नाही.
"ळ बरोबर आलाय," एवढंच म्हणाली.

शाई खाऊ नये म्हणतात.
तेवढा तुकडा बाजूला काढला,
खिडकीत ठेवला.
आमटीला उकळी आली.