प्रतीक्षा कालावधी

भिलाऱ्यांचा प्रज्वल चौथ्यांदा आलाय.
पोवई नाक्यावर गाडी बंद पडली म्हणे, घामाघूम.
लिही बाबा. सदुसष्ट पूर्ण.
साखर? आहे. अकरा वर्षांची,
नातीपेक्षा मोठी.
गुडघा डावा. उजवाही लिहून टाक,
आज लपवला तर क्लेमच्या दिवशी
नेमकं त्यावरच बोट ठेवतील.

"मावशी, आधीच्या आजारांना तीन वर्षं थांबायचं.
मोतीबिंदूला दोन.
आणि प्रत्येक बिलातले वीस टक्के तुमचे."

म्हणजे शंभरातले ऐंशी त्यांचे
आणि दुखणं सगळं माझं.
तो हसला नाही. चांगला पोरगा आहे.

एकतीस वर्षं मी साताऱ्याच्या एक्स्चेंजात बसले,
कानाला हेडफोन, हातात दोऱ्या.
मुंबईचा ट्रंक कॉल मागणाऱ्या
मेढ्याच्या, वाठारच्या माणसांना म्हणायचे,
लाइनवर राहा.
कुणाचं बाळंतपण अडलेलं, कुणाचं प्रेत खोळंबलेलं.
राहायचे बिचारे.
कधी लाइन लागायची,
कधी सहा वाजता माझी ड्यूटी संपायची.

हप्ता एकेचाळीस हजार.
ह्यांच्या वेळी पाटल्या मोडल्या,
आता मनगटात घड्याळ तेवढं.
नाही पटली तर महिन्यात परत करता येते ना?
येते.
मग ती बारीक अक्षरं ठेवून जा,
रात्री भिंगानं वाचीन.
वारस म्हणून लेकीचं नाव घाल,
हप्त्याचा आकडा तिला सांगू नकोस.

तो जिना उतरतो, दोन-दोन पायऱ्या.
मी टेबल धरून उठते.
ऐक रे गुडघ्या,
तीन वर्षं.
लाइनवर राहा.