बारा पूर्णांक चार

दिवाळी सरता सरता पोवई नाक्याजवळ स्वेटरवाले येतात,
बांबू, ताडपत्री, गाठोडी.
त्यांतली यांगझोम आज उपाशीपोटी आमच्या लॅबमध्ये आली.
"चक्कर आती है," म्हणाली,
आणि बाही स्वतःच वर सारली.

शीर लगेच सापडली.
नळी भरेपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
तिबेट कसं आहे?
पाहिलंच नाही, म्हणाली. जन्म मुंडगोडचा.
आमच्याकडे मका होतो.

मशीननं आकडा दिला : बारा पूर्णांक चार.
चारचौघींसारखा. माझ्यापेक्षा बराच.

हैबतीमामा बर्फातल्या चौकीवरून उतरले
तेव्हा ओठ जांभळं खाल्ल्यासारखे,
रक्त काकवीगत दाट, आकडा एकवीस.
लष्करी दवाखान्यात पिशवी भरभरून काढून टाकलं.
मामी अजून विचारते,
चांगलं रगात असं कुणी फेकतं व्हय?

हवा विरळ झाली की आपलं अंग भेदरतं,
तांबड्या पेशींची भरती काढतं,
येईल त्याला घेतं.

शिकलगार मॅडम म्हणाल्या, हिच्या लोकांचं तसं नसतं.
चौदा हजार फुटांवरही आकडा फारसा हलत नाही.
आईबापांकडून आलेला एक बारीकसा बदल
रक्ताला सांगतो, दमानं घे.

आणि तो बदलही मुळात उसना.
दुसऱ्याच कुठल्या माणसांचा, जी आता नाहीत.
एका गुहेत करंगळीच्या हाडाचा तुकडा मिळाला, काही दात,
एवढ्यावरून त्यांची ओळख.
कुणीतरी कुणाच्या तरी शेकोटीशी राहिलं असेल.
सोयरीक म्हणावी की जबरदस्ती, सांगायला कोण उरलंय.
मूल झालं.
पुढं हजारो वर्षं ती ठेव नुसती पडून,
माळ्यावरच्या घंगाळासारखी.
पठारावर चढल्यावर उपयोगी पडली.

आता मुंडगोडच्या मक्यात
पुन्हा माळ्यावर.

संध्याकाळी रिपोर्ट द्यायला मीच गेले.
रक्तात काही नाही, म्हटलं, वेळेवर जेवत जा.
ती हसली. दुपारपर्यंत चहावरच असते.
मामांसाठी एक कानटोपी घेतली,
तिनं वीस रुपये कमी लावले.

मामा तिसऱ्या पायरीवर थांबले होते, कठड्याला धरून.
टोपी हातात फिरवली, आतून बाहेरून चाचपली.
"तिकडची का गं?"
नाही मामा,
लुधियानाची.